जाळीघराच्या दाराचा दगड

“पुन्हा दार सताड उघडं! ही काय धर्मशाळा आहे?” ताई माझ्या अगदी कानाशी पुटपुटली आणि तिने खिळ्यावरून माझी दोरी काढली. मी खाली आलो. दार लागले. तिने कुणाला हाक मारली नाही, कुणाला विचारले नाही. इकडेतिकडे पाहून ती मुकाट्याने आत गेली. हल्ली हे रोजचेच झाले आहे.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पुतळ्याखालचा नाही, मैलाचाही नाही. एका रोपवाटिकेत बारीक जाळीचे घर आहे, त्याच्या आतल्या दाराला मी दोरीने टांगलेला आहे. दार उघडले की मी वर जातो, सोडले की खाली येतो आणि माझ्या वजनाने दार आपोआप लागते. वर-खाली, वर-खाली. एवढेच माझे चरित्र.

मला इथे अण्णांनी आणले. अण्णा म्हणजे ताईचे वडील, रोपवाटिका त्यांचीच. जमीन सपाट करताना मी त्यांच्या कुदळीला लागलो. माझ्याआधी त्यांनी सहा दगड टांगून पाहिले होते. एक इतका हलका, की दार अर्धेच लागे. एक इतका जड, की माई, म्हणजे अण्णांची बायको, ट्रे घेऊन आत शिरताना दाराने तिच्या पाठीत धपाटाच घातला. “दगड बदला, नाहीतर बायको बदला,” ती म्हणाली. अण्णांनी दगड बदलला. मी नेमक्या वजनाचा निघालो.

पांढऱ्या माशीला आत येऊ न देणे हे माझे काम. ही माशी तिळाहून लहान. ती रोगट झाडाचा रस पिते, मग चांगल्या रोपावर जाऊन बसते आणि तिच्या सोंडेतून रोगाचे विषाणू त्या रोपात उतरतात. पाने वाटीसारखी वळतात, शेंडा आखडतो. याला बोकड्या म्हणतात. बोकड्या आलेले टोमॅटोचे रोप पुन्हा सरळ होत नाही. ते उपटून गाडावे लागते. म्हणून इथे दोन दारे. बाहेरचे लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही. शाळेची मुले बघायला आली की अण्णा माझ्यावर हात ठेवून सांगत, “या रोगाला औषध नाही, पण दाराला दगड आहे!” मुले टाळ्या वाजवत. मला काही वाटत नसे. दगडाला काय वाटणार?

मग अण्णा विसरू लागले. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधू लागले. ताईला आत्याच्या नावाने हाका मारू लागले. ट्रे आत नेताना दोन्ही हात गुंततात, म्हणून माझी दोरी खिळ्यावर अडकवायची, ही त्यांची जुनीच सवय. पूर्वी शेवटचा ट्रे ठेवला की ते परत येऊन मला सोडत. आता हात पुसतात आणि चहाला जातात.

रोपांची पहिली खेप वाकडी झाली तेव्हा ताईने शेजारच्या मिरचीवर खापर फोडले. दुसरी गेली तेव्हा वाऱ्यावर. माई तर सुईदोरा घेऊन तीन दिवस जाळीची भोके शिवत बसली. मित्रांनो, भोके नव्हतीच. तरी ती शिवत होती. अण्णांना जाळीघराबाहेर काढले तर त्यांनी दिवसभर करायचे काय, हे दोघींनाही ठाऊक नव्हते. आणि तिसरी खेप गेली तर नेहमीचे शेतकरी दुसरीकडे वळणार, रोपवाटिका बंद होणार, हेही ताईचे आईला सांगून झाले होते. माझ्याजवळच उभी राहून.

आज ती तिसरी खेपही गेली. माशा धरायला आत लावलेले पिवळे चिकट कागद पांढरे दिसू लागले होते. अण्णा रोपे उपटत होते, माईने गोणीचे तोंड धरले होते, ताई ट्रे रिकामे करत होती. कोणी रडले नाही. घर झाडायला काढावे, तसे चालले होते. सकाळी ताईने सोडवलेला मी पुन्हा खिळ्यावर लटकत होतो. गोण्या नेता-आणताना अण्णांनीच अडकवले होते.

“ही माशी येते तरी कुठून?” अण्णांनी विचारले.

“वाऱ्याने,” माई म्हणाली.

“वाऱ्याला काय एवढंच घर दिसतं? जाळीच कुजलीय. सगळी फाडतो आणि नवी घालतो.”

ते कोयता घेऊन शिडीवर चढू लागले. शिडी हलत होती. त्यांचे पाय तिच्याहून जास्त हलत होते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. दारे सांभाळा, ते तर झालेच. पण घरात सगळ्यांना दिसते आणि कुणीच बोलत नाही, असे काही असेल तर ते वेळेवर बोलून टाका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.

ताईने शिडी दोन्ही हातांनी धरली. “अण्णा, खाली या. जाळी शाबूत आहे.”

“मग?”

“गप गं,” माई हळूच म्हणाली.

ताई गप्प राहिली नाही. “उतरा, मी धरलंय,” ती म्हणाली. अण्णा एकेक पायरी उतरले. त्यांचा पाय जमिनीला लागेपर्यंत ती थांबली. मग तिने माझ्याकडे बोट दाखवले.

“दगड तुम्ही अडकवता, अण्णा. आणि सोडायला विसरता. हल्ली तुम्ही फार विसरता.”