कॅप्टनबाई काय म्हणाली?

माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्याशिवाय मी डिस्क आत घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा एक जुना डबा आहे. जुना म्हणालात तर मला राग येत नाही. वय झाले ते झाले. भंगार मात्र म्हणू नका. आणि 'जुनं ते सोनं' असे म्हणून माझी समजूतही काढू नका. मी सोन्याचा नाही, प्लास्टिकचा आहे, आणि अजून चालतो. तेवढे पुरे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडे रांगेने पुढे जात होतो. कोणी माझ्या पोटात पंखा बसवला, कोणी तारा जोडल्या, कोणी पाठीला स्क्रू मारले. सगळ्यात शेवटी एक तपासणारी बाई होती. ती प्रत्येकाला कान लावून ऐकायची. माझ्या पुढच्या भावाचा पंखा जरा घासत होता. तिने काही न बोलता त्याला लाल टोपलीत ठेवले आणि मला उचलले. मी पास झालो. त्या दिवसापासून जो तोरा चढला आहे, तो अजून उतरलेला नाही.

ज्या घरी मी आलो तिथे दोनच माणसे होती, बाप आणि लेक. बाप बस चालवायचा. लेक लिफ्ट तपासणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागली होती. शेजारीपाजारी तिला लिफ्टताई म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. तिने माझ्याबरोबर तीन डिस्क आणल्या होत्या. अंतराळातली एकच लांब गोष्ट, तीन भागांची. त्यात आपण एका यानाची कॅप्टन व्हायचे, ग्रहाग्रहांवर हिंडायचे, सोबती जमवायचे आणि शेवटी मोठ्या संकटाला तोंड द्यायचे.

या खेळात बंदुकीपेक्षा तोंड जास्त चालते. कोणी काही विचारले की पडद्यावर तीन उत्तरे येतात. वरचे गोड, मधले बेताचे, खालचे तिखट. आपण त्यातले एक निवडायचे आणि कॅप्टनबाई तसे बोलते. पहिल्या भागात कोणाचे मन दुखावले, तर तो तिसऱ्या भागात तोंड फिरवून निघून जातो. कोण कोणाला काय म्हणाले, हे सगळे वर्षानुवर्षे मी पोटात जपून ठेवतो. एवढे करणाऱ्याने थोडे फुगायचे नाही, तर कोणी फुगायचे?

लिफ्टताई खेळायची आणि बाबा शेजारी बसून बघायचे. खेळातली भाषा परकी, बाबांना तिचे अक्षरही कळत नव्हते. त्यात इंजिनाच्या बाजूचा त्यांचा डावा कान कामातून गेलेला. म्हणून लिफ्टताई त्यांच्या उजव्या हाताला बसून प्रत्येक वाक्य मोठ्याने आपल्या भाषेत सांगायची. बाबा अधूनमधून शेरे मारायचे. यान वळले की म्हणायचे, "हिने हात दाखवला नाही. मागून कोणी आलं असतं म्हणजे?"

पण त्या सांगण्यात एक गोम होती. लिफ्टताई स्वभावाने अतिशय भिडस्त. ती नेहमी वरचेच उत्तर निवडायची हे तर झालेच, पण खेळातला दुसरा कोणी खवळून बोलला तरी बाबांना सांगताना ती त्यात साखर घालायची. एकदा एक लुटारू सरदार कॅप्टनबाईच्या छातीवर बंदूक रोखून ओरडला, आणि लिफ्टताई म्हणाली, "बाबा, तो म्हणतोय, तुम्ही जरा मागे सरकाल का?"

बाबा पडद्याकडे पाहत राहिले. "एवढे डोळे वटारून?"

"त्याची पद्धत आहे तशी."

असे तिन्ही भाग झाले. कॅप्टनबाईने कोणालाही दुखावले नाही आणि सगळ्यांनी तिला निरोपाचे हात हलवले. मग हळूहळू बाप-लेक मला विसरली. नवे डबे बाजारात आले, चपटे, चकचकीत, मुके. कानामागून आले आणि तिखट झाले. मी कपाटावर, एका जुन्या चादरीखाली, सुटकेसच्या शेजारी. एकदा पंखा बंद पडला म्हणून मला टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेले, तर तो माझ्यासमोर म्हणाला, "याचं आयुष्य संपलंय हो." त्याला सात-आठ वर्षे झाली. त्याचे दुकान उठले, मी आहे.

आता खरी गोष्ट ऐका. एका संध्याकाळी लिफ्टताई कामावरून आली, बूटही न काढता बाबांसमोर बसली आणि रडायला लागली. तिच्या तपासणीत एका डोळ्यांच्या दवाखान्याची लिफ्ट होती. रिकामी असली की ती मजल्याला बरोबर थांबायची. माणसे भरली की ब्रेक घसरायचा आणि लिफ्ट चार बोटे खाली जाऊन थांबायची. लिफ्टताईला हे महिन्यापूर्वीच कळले होते. तिने अहवालात लिहिले, 'ब्रेककडे लक्ष ठेवावे.' साहेबांनी वाचले आणि लक्ष ठेवले, म्हणजे काहीच केले नाही. त्या दिवशी औषधांचा ट्रे घेऊन बाहेर पडताना एक आया त्या चार बोटांना अडखळली. मनगट मोडले.

"तिच्या मागे डोळ्यांना पट्टी बांधलेले आजोबा होते, बाबा. ते आधी बाहेर पडले असते तर?"

"तू काय लिहायला हवं होतंस?"

"'लिफ्ट बंद ठेवावी.' तीन शब्द."

"मग का नाही लिहिलंस?"

"साहेबांना कसं वाटेल म्हणून."

बाबा म्हणाले, "भीड भिकेची बहीण असते, पोरी. ती आपल्या घरी फार दिवस राहिली."

दुसऱ्या दिवशी लिफ्टताईने स्टुलावर चढून मला खाली काढले. धूळ पुसली, पंख्यात अडकलेले केस चिमट्याने ओढून काढले आणि बाबांना जाहीर केले, "हा खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळणार. या वेळी फक्त खालची उत्तरं. वाईट वागायची सवय करायला हवी." तिच्या मावसभावाने फोनवर सांगितले की हाच खेळ आता नव्या डब्यासाठी घासूनपुसून आलाय, तो घे. ती म्हणाली, "मला घासूनपुसून नको." त्या क्षणी मी पहिल्याच चापटीत डिस्क आत घेतली.

पण मित्रांनो, वाईट वागणे तिला बापजन्मात जमण्यातले नव्हते. पहिल्याच भागात अंतराळातल्या एका तळाचा कोठीवाला हवेच्या टाक्या कमी भरून थापा मारत होता. लिफ्टताईने दात-ओठ खाऊन खालचे उत्तर निवडले. पडद्यावर एवढेच लिहिले होते: 'मला पटत नाही.' कॅप्टनबाईने त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आदळले.

"अगं, अगं! एवढं नव्हतं म्हणायचं मला!" लिफ्टताई पडद्यावर ओरडली, आणि त्या कोठीवाल्याला म्हणाली, "सॉरी हं." मग तिने मला तो प्रसंग परत मागे न्यायला लावला आणि वरचे उत्तर निवडले. हे तीनदा झाले. तीनदा! मी रागाने असा घरघरलो की बाबांनाही ऐकू आले.

बाबांनी विचारले, "तिसऱ्या खेपेला कॉलर धरली तेव्हा काय म्हणाली ती?"

"म्हणाली, कृपया सहकार्य करा."

"माझा कान गेलाय, डोळे शाबूत आहेत. त्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नव्हते. खरं सांग."

लिफ्टताई चोरी पकडल्यासारखी हसली. मग हळूच म्हणाली, "म्हणाली, थापा मारू नकोस. लोक गुदमरून मरतील."

"हां. मग मला तसं सांगत जा. काय निवडायचं ते तू निवड. पण ती जे बोलेल, तेच मला सांगायचं. तिखट-मीठ लावायचं नाही, आणि धुऊन-पुसूनही द्यायचं नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवण होईपर्यंत आमचा असा वर्ग चालायचा. उत्तरे ती बहुतेक वरचीच निवडायची, स्वभावाला औषध नाही. पण सांगताना जसेच्या तसे सांगायची. लुटारू ओरडला की तीही ओरडायची. "बाबा, तो म्हणतोय, हललीस तर गोळी घालीन!" शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवून विचारले, सगळे ठीक आहे ना.

तिसरा भाग अर्ध्यावर आला आणि एका रविवारी दुपारी लिफ्टताईचे साहेब घरी आले. हातात फळांची पिशवी आणि काखेत फाइल. दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक अपघातानंतर नुसता आवळला होता, तो आता पुन्हा घसरायला लागला होता, आणि नवा अहवाल सोमवारी द्यायचा होता. तिने खेळ थांबवला, पण मला बंद केले नाही. साहेब नेमके बाबांच्या डाव्या बाजूला बसले आणि अगदी हळू, गोड आवाजात बोलायला लागले.

"ताई, मी काही खोटं लिहा म्हणत नाही हं. फक्त शब्द जरा मवाळ ठेवू. 'समाधानकारक, देखरेखीखाली' असं लिहा. ब्रेकचा सुटा भाग तीन आठवड्यांत येतोच आहे. दवाखान्याची गैरसोय नको, आपलंही नाव खराब नको. तुम्ही समजूतदार आहात."

त्यांनी फाइल उघडून तिच्या मांडीवर ठेवली आणि पेन पुढे केले. तिने ते घेतले. होय मित्रांनो, घेतले. मी पाहिले, आणि माझा पंखा असा फिरला की टेबल थरथरले. दुसरे मी काय करू शकत होतो?

बाबांनी साहेबांकडे पाहिले, मग लेकीकडे. "काय म्हणतायत गं ते?"

"काही नाही बाबा. म्हणतायत, अहवालात जरा..." ती थांबली.

"मोठ्याने सांग. आणि जसंच्या तसं."

लिफ्टताईने पेन फाइलवर ठेवले. बाबांच्या उजव्या कानाशी वाकायची तिची सवय, पण या वेळी ती ताठ बसूनच बोलली, आणि आवाज लुटारू सरदाराचा लावला.

"बाबा, साहेब म्हणतायत, ब्रेक घसरतो हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे, पण घसरत नाही असं लिही. तीन आठवडे डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं त्याच लिफ्टने जातील. पडली तर सही तुझी आहे."

साहेबांचा चेहरा पडला. "अहो ताई, असं कुठे म्हणालो मी?"

"शब्द वेगळे होते, साहेब. अर्थ हाच होता. चुकला असेल तर सांगा, मी बाबांना पुन्हा सांगते."

साहेब फळांची पिशवी नीट करू लागले. बाबांनी विचारले, "मग तू काय म्हणालीस?"

"अजून काही म्हणाले नाही. आता म्हणते." ती साहेबांकडे वळली आणि आपल्या नेहमीच्या, मऊ आवाजात म्हणाली, "साहेब, चहा घेऊन जा. पण त्या शब्दांवर सही मिळणार नाही."

"मग मी दुसऱ्या कोणाची घेईन."

"घ्या. माझा अहवाल मी उद्या सकाळी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात देणार आहे. लिफ्टच्या दारावर पाटीही मीच लावीन."

तिने साहेबांच्याच पेनने, त्यांच्यासमोर, 'लिफ्ट बंद ठेवावी' असे लिहून सही केली आणि पेन परत दिले. कॉलर धरली नाही, भिंतीवर आदळले नाही. साहेब चहा न घेताच गेले. ती दार लावून आली आणि बाबांच्या उजव्या हाताला बसली. बाबांनी तिला एक शब्दही शाबासकी दिली नाही. पिशवीतले सफरचंद काढून अर्धे तिला दिले.

तीन आठवडे लिफ्ट बंद राहिली. पट्टी बांधलेली माणसे एकेक पायरी, कोणाचा तरी हात धरून चढली-उतरली. लोकांनी लिफ्टताईला भरपूर नावे ठेवली. साहेबांनी तिला त्या भागातून काढून गावाबाहेरच्या गोदामांच्या मालवाहू लिफ्ट दिल्या. आता तिला रोज दोन बस बदलून जावे लागते. ती कुरकुरते, पण जाते. दवाखान्यात त्यानंतर कोणी पडले नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या लढाईत मी तापून दोनदा बंद पडलो, आणि दोन्ही वेळा तिने मला थंड होऊ देऊन पुन्हा सुरू केले.

मित्रांनो, मला जपा, झाका, देव्हाऱ्यात ठेवा, असली गयावया मी करणार नाही. एवढेच सांगतो: कधी घरातले जुने यंत्र घरघरायला लागले, तर आवाज नको म्हणून त्याचा पंखा काढून टाकू नका. आत काहीतरी तापलेले असते. झाकण उघडा आणि बघा. आणि यंत्राच्या जागी एखादे माणूस घरघरत असेल, तर त्याला आधी विचारा की काय झाले, आणि ते जे सांगेल ते त्याच शब्दांत पुढे सांगा. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही, आणि तुम्हीही बसू नका.