काजाच्या दोऱ्याने बांधलेली दांडी

मेहुण्याच्या शिंपीकामाच्या दुकानात शिरतानाच बायकोने माझं कोपर धरलं. "माझ्या भावावर ओरडू नका," ती म्हणाली. मी इलेक्ट्रिक पॅनल जोडणारा माणूस. विजेशी कोणी खेळ केला की माझं डोकं फिरतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मेहुण्याने इस्त्री लावली की भिंतीवरचा ब्रेकर पडायचा. तीनदा पडल्यावर त्याने ब्रेकरची दांडी वर करून काजाच्या दोऱ्याने करकचून बांधली होती. वर सात गाठी.

"भाऊजी, दांडी वर आहे तरी वीज नाही. ब्रेकरच खराब निघाला," तो म्हणाला.

"खराब नाही, तुझ्यापेक्षा शहाणा आहे," मी म्हणालो. कोपरावरची पकड घट्ट झाली, तरी माझा आवाज चढलाच. "शॉर्ट झाला की तो आतून सुटतो. बाहेरून दांडी बांध, नाहीतर धरून बस, त्याला फरक पडत नाही. तुझ्यासारखे दिवटे असतात म्हणूनच तसा बनवतात."

हात सोडवून मी इस्त्रीची वायर उलटून पाहिली. मुठीजवळ ती सोलून निघाली होती आणि आतल्या दोन तारा एकमेकींना टेकत होत्या. मेहुणा ओशाळला. मी वायर बदलली, दोरा कापला, दांडी खाली घेऊन पुन्हा वर केली. या वेळी ती टिकली आणि इस्त्री तापली.

निघताना मी सवयीने कोपर पुढे केलं.

"काय उपयोग?" बायको हसत म्हणाली. "बावीस वर्षं धरतेय. तुम्हीसुद्धा आतूनच सुटता."