हिरवी चौकट

पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात माझा जन्म गेला, पण संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांनी सांगितलं, सगळा साठा आता संगणकावर येणार. महिनाअखेरीला परीक्षा, पास व्हा नाहीतर पॅकिंगला जा. शिकवायला एक दाढीवाले मास्तर आले. माउस धरताना माझ्या नाकी नऊ यायचे आणि मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

मी पॅकिंगला आनंदाने गेले असते. पण मास्तरांनी साठ्याचा तक्ता उघडला. म्हणाले, हा सगळ्या शाखांना एकाच वेळी दिसतो. जो जिथे काम करतोय तिथे त्याच्या रंगाची चौकट असते. एका हिरव्या चौकटीपाशी बाण नेला, तर माझ्या लेकीचं नाव आलं.

लेक आमच्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत असते, रात्रभराच्या प्रवासावर. फोन केला की म्हणते, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." ते नंतर काही उजाडत नाही. तिच्या पलंगावरची चादर मी अजून दर आठवड्याला बदलते. कशाला, ते विचारू नका.

त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या आधी संगणकापाशी. हिरवी चौकट वॉशरवरून गास्केटवर जायची, मध्येच थांबायची. मला वाटायचं, आता पेनाचं टोपण चावत असेल पोर. दुधाची तहान ताकावर.

"मावशींना गोडी लागली," मास्तर म्हणाले.

लागली होती, पण संगणकाची नव्हे.

एकदा जेवणाची सुट्टी उलटली तरी चौकट आपली फिरतेच आहे. मला राहवेना. बेअरिंगच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: जेवलीस का?

हिरवी चौकट तिथे आली. बराच वेळ थांबली. जरा कुणी हाक मारली म्हणून मी वळले, परत बघते तर रकाना कोरा. फोनही आला नाही. बरोबरच आहे, सगळ्या शाखांसमोर कसलं आईपण करायचं? पण फार लागलं मला.

परीक्षेत मास्तरांनी एक आकडा मुद्दाम पुसला. "मावशी, इथे आधी काय होतं ते शोधा."

माउसची उजवी कळ दाबली की त्या रकान्याच्या जुन्या नोंदी उघडतात. मी आकडा काढून दाखवला. मास्तर पास म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मी बेअरिंगच्या ओळीवर गेले आणि तीच कळ दाबली. आधी माझा प्रश्न होता. शेवटी कोरं. आणि मध्ये, लेकीच्या नावाने: नाही. इथे एकटीला घास उतरत नाही, आई.

खाली 'परत आणा' असं बटण होतं. ते मी दाबलं नाही. तिने पुसलं ते पुसलेलंच बरं. बाहेर जाऊन फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे."

"असू दे," म्हटलं. "मी आज निघतेय. उद्या दोघी जेवू."

या वेळी तिने फोन ठेवला नाही.