ओवीतली बाई

“नुस्ते केस-डोळे देऊन बाई उभी नाई होत, पोरी. तिले काय पाह्यजे, ते दे. मंग ती आपल्या पायानं चालते.”

जात्यापाशी ऐकलेला प्रयागबाईंचा हा आवाज अजून कानात आहे, जाडसर, भरडल्यासारखा.

मी तेव्हा मावळातून नवी सून होऊन पैनगंगेकाठच्या त्या गावात आले होते. शेजारच्या प्रयागबाईंकडे आम्ही पहाटे ज्वारी दळायचो: त्यांची थोरली लेक रेणुकाबाई, शेजारीण जयवंताबाई आणि मी. दळता दळता ओवीतून एक बाई घडवायची, हरेकीनं तिला काहीतरी द्यायचं. नाव मात्र द्यायचं नाही. नाव दिलं की ती घर मागते, म्हणत.

प्रयागबाईंची धाकटी सुभद्रा रझाकारांच्या पळापळीत नदी ओलांडताना हरवली होती. सोबत रेणुकाबाई होती. “गर्दीत चुकामूक झाली,” एवढंच ती सांगे. म्हातारी अजून रोज वाट पाही. आता तर नदीपल्याड दुसरं राज्य झालं होतं.

“यायले कागद लागंल का तिले?” ती विचारायची. रेणुकाबाई चूल फुंकत राहायची.

त्या पहाटे जयवंताबाईंनी ओवीतल्या बाईला लांब केस दिले. “माहे तं गळाले, तिले तरी असू द्या!” आम्ही हसलो. मग माझी पाळी. ओठांवर आपोआप आलं:

तिच्या कानाची गं पाळी, फाटली डाव्या अंगा
तोडून नेलं डूल, कुणी नेलं मला सांगा

जातं थांबलं. रेणुकाबाईनं खुंटा सोडला होता.

“कोनं सांगतलं तुले?”

“कोणीच नाही, अक्का.”

“अवो, गान्यातली बाई हाय,” जयवंताबाई म्हणाल्या. “तिची चौकशी काऊन करून राह्यली? तहसीलदारीन हायस का?”

कोणी हसलं नाही. उंबऱ्यातून प्रयागबाई म्हणाल्या, “माह्या सुभीचा कान तसाच होता. दळा. पाहू कुठं जाते.”

मी खुंटा धरला. तो ओला लागला. घाम म्हणावा तर कार्तिकातली थंडी. समोर कोणी नव्हतं, तरी जातं हलकं फिरू लागलं, पलीकडून कोणी ओढावं तसं. आणि मला ठाऊक नसलेल्या चालीत माझ्याच तोंडून निघालं:

कमरेभर पाणी, मागं वळून ती पाहे
अक्काच्या हाताची ऊब, बोटांत अजून आहे

“बस कर!” रेणुकाबाईनं दोन्ही हातांनी जातं दाबून धरलं. घरघर लगेच थांबली नाही.

ती आईसमोर जाऊन बसली.

“चुकामूक नाई झाली, माय. कडेवर माहं लेकरू होतं. धार ओढत होती. दोघं नाई निघत होते माह्याकडून. सुभी ‘अक्का, अक्का’ करत होती. धारेत गेली ती. हात मी सोडला.”