दोरी धरणारी

जनावरांच्या प्रदर्शनात सगळे त्याला खालमान्या म्हणत. पाठीमागे म्हणत, पण ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्यात राग येण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं. रिंगणात उतरला की तो मान वर करतच नसे. बघायचं ते जनावर. दोरी कोणाच्या हातात आहे हे बघितलं की मन कलतं, आणि मन कललं की परीक्षक संपला, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे जनावरं पाळणारी माणसं त्याला गुडघ्यापर्यंतच माहीत होती. कोणाचे रबरी बूट, कोणाची झिजकी चप्पल, एखाद्या हौशी माणसाचे पॉलिश केलेले जोडे. तोंडांशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

निकाल लागेपर्यंत परीक्षकानं जनावरवाल्यांत मिसळायचं नाही, हा नियम तसा सगळ्यांनाच होता. बाकीचे तो जमेल तसा पाळत. यानं तो घरीसुद्धा नेला. कोणाकडे जेवायला जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही. न जाणो, उद्या तोच गाय घेऊन समोर यायचा. आयुष्यभर असं वागल्यावर लोक बोलवायचेच थांबतात, हे त्याला फार उशिरा कळलं. बायको होती तोवर चालून गेलं. ती गेली तेव्हा मुलगी आली, काही दिवस राहिली आणि आपल्या घरी परत गेली. मग फोन कमी झाले, मग दोघांनाही काय बोलावं सुचेना आणि ते बंदच पडले. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं.

एकट्या माणसाला काहीतरी खोड लागतेच. भेटेल त्याची तो मनातल्या मनात जनावरासारखी नोंद करायचा. विश्रामगृहाचा रखवालदार: मूळ अज्ञात, लक्षण, दार न वाजवता आत येणं, उपयोग, गार चहा. स्वतःची नोंद करायला बसला की मूळ आणि लक्षणं भराभर जमायची. उपयोगापाशी गाडी अडायची. आजचं प्रदर्शन त्याचं शेवटचं होतं. दुपारी त्याचा सत्कार होता, आणि नि:पक्षपाती परीक्षक म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द बोलले जाणार होते. त्या चार शब्दांखेरीज गाठीला काही उरलेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी दुभत्या शेळ्यांचा गट रिंगणात आला. रिंगणात दोरी धरणाऱ्यानं बोलायचं नाही आणि नावं पुकारायची नाहीत, फक्त गळ्यातले क्रमांक. पहिली लोंबत्या कानांची, बाकदार नाकाची न्यूबियन. दूध बेताचं, पण दाट. दुसरी तपकिरी, तोंडावर दोन पांढरे पट्टे. ही टोगेनबर्ग, डोंगराळ मुलखातली, काटक. तिसरी पांढरी म्हणून मालकानं सानेन लिहून आणली होती. मानेचा तांबूस रंग आणि रुंद छाती काही वेगळंच सांगत होती. हिच्यात बोअरचं रक्त होतं, आणि ती जात दुधाची नव्हे, मांसाची. पांढरं दिसलं की सानेन म्हणायचं, ही लोकांची जुनी हौस.

पुढची मात्र खरी सानेन निघाली. कान ताठ आणि जरा पुढे झुकलेले, केस आखूड, नाकाचा दांडा किंचित खोलगट. स्वित्झर्लंडच्या थंड खोऱ्यातली ही जात. दूध भरपूर देते, पण हिची गुलाबी कातडी उन्हात भाजते. पाळणाऱ्याला सावलीची फिकीर करावी लागते. इथे ती केलेली दिसत होती. कासेवर काळे ठिपके होते. नवखा परीक्षक इथेच गुण कापून मोकळा होतो. यानं वाकून बोटांनी केस बाजूला केले. ठिपके कातडीवर होते, केसांत नव्हते; म्हणजे दोष नाही. खूरही नीट कापलेले होते, टाचेकडे जरा राखून. तो स्वतः असेच कापायचा. कोणीतरी चांगलं शिकवलंय दोरी धरणाऱ्याला, असं त्याच्या मनात आलं आणि तो पुढे सरकला.

पहिल्या क्रमांकाची फीत त्यानं तिच्याच पट्ट्याला बांधली. फीत बांधून झाली तरी समोरचे बूट जागचे हलले नाहीत. बक्षीस मिळालं की माणसं घुटमळतातच, त्यात काय.

पुढचा गट यायला वेळ होता. निकाल पुकारणारी माईकवाली बाई त्याच्या खुर्चीपाशी आली आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "साहेब, सानेनवाल्या बाई तुमच्या कन्या आहेत म्हणे. आत्ता मालकाचं नाव लिहून घेताना त्यांनीच सांगितलं."

त्यानं हातातला गुणांचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"परीक्षकाच्या नात्यातलं जनावर बाद, हा नियम तुम्हाला मी काय सांगणार," बाई म्हणाली. "पण मी काही ऐकलेलं नाही. सत्कार होऊ दे. आयुष्यभर मान खाली घातलीत, शेवटच्या दिवशी कशाला तोंडघशी पडताय?"

तो उठला आणि शेळ्यांच्या खोपट्यांकडे गेला. सानेन एका कोपऱ्यात सावलीला बांधलेली होती. शेजारी मातीनं भरलेले रबरी बूट उभे होते. तो शेळीपाशी बसला आणि तिच्या कानामागे खाजवू लागला.

"कास चांगली आहे," तो म्हणाला. "बांधा घट्ट आहे. कोणाला हात लावू देऊ नकोस, उगाच दाबतात."

"तुम्ही अजून शेळीकडेच बघताय, बाबा."

"तू नात्यातली. तुला नियम माहीत होता. मग आणलीस कशाला?"

"बाद व्हायला," ती म्हणाली. "म्हटलं, रिंगणात समोर उभी राहिले तर बघावंच लागेल. बघितलं की म्हणाल, ही माझी मुलगी आहे, हिला बाहेर काढा. एवढं एकदा चारचौघांत ऐकायचं होतं. तुम्ही पहिला नंबर देऊन मोकळे झालात."

काहीतरी बोलायला हवं होतं आणि नेमकं तेच त्याला कधी जमलं नव्हतं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, रिंगणाकडे परत गेला आणि त्यानं माईकवालीपुढे हात केला. तिनं नकारार्थी मान हलवली. मग सुस्कारा टाकून माईक दिला.

"दुभत्या शेळ्यांच्या गटातला पहिला क्रमांक बाद आहे," तो म्हणाला. आवाज चिरकला. "ती माझी मुलगी आहे. मी ओळखलं नाही. चूक माझी."

मैदानातल्या माना त्याच्याकडे वळल्या. मग कोणीतरी खिदळलं. "ओळखलं नाही म्हणे. खालमान्या एका डोळ्यानं बघतच होता की," असा एक आवाज आला आणि चार जण हसले. एक रबरी बूटवाला थुंकला. सत्काराचा हार घेऊन बसलेले अध्यक्ष शेजाऱ्याच्या कानाला लागले. तो नुसता उभा राहिला. लाज वाटत होती, आणि लाजेइतकीच भीतीही वाटत होती, की ती निघून गेली असेल.

मग मातीनं भरलेले बूट त्याच्यासमोर येऊन थांबले. एका हातानं फीत पुढे केली. त्यानं ती घेतली आणि सगळ्या मैदानासमोर मान वर केली.

समोर एक थकलेली बाई उभी होती. नाक त्याचंच, डोळे आईचे. कानशिलांवरचे केस पार पांढरे झाले होते.

"केस कधी पिकले गं तुझे?" त्यानं विचारलं.

"आई गेली ना, तेव्हाच," ती म्हणाली. "आठवडाभर तुमच्यासमोर बसून जेवत होते मी, बाबा."