झाकणाला हात लावायचा नाही

धाकटी रागावली की आधी तिचे कान लाल होतात, मग बोलणं मोजकं होतं, आणि त्यापुढचं आज नको रे देवा, असं घरातले मनातल्या मनात म्हणतात. सणाच्या दिवशी सकाळी सहा वाजता तिचे कान लाल झालेले होते. आणि अजून घरात कुणी उठलंसुद्धा नव्हतं.

राग कुणावर, ते येईलच ओघात. आधी हातातलं काम पाहू. भावाच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात तिने आपला स्लो कुकर मांडला होता. आदल्या दिवशी बसमधून मांडीवर घेऊन आणलेला. तान्हं मूल आणावं तसा, आणि तितकाच जड. तळाला कांद्याच्या जाड चकत्या, गाजराचे तुकडे, सोललेला लसूण, मिरे, एक तमालपत्र. त्यावर तव्यात सगळ्या बाजूंनी तांबूस परतलेल्या टर्कीच्या दोन तंगड्या. चमचाभर व्हिनेगर, तंगड्या निम्म्या बुडतील इतकं पाणी. मग काचेचं झाकण. मग भिंतीवरचं बटण. कुकरच्या पोटावरचा लाल दिवा लागला. मंद आचेवर आठ तास, म्हणजे बरोबर दोनला, जेवणाच्या वेळेला.

या घरात सणाला टर्की असते आणि ती वहिनीची असते. वहिनी छातीचा भाग ओव्हनमध्ये भाजते, सगळे वाहवा करतात, आणि तंगड्या चिवट म्हणून सूपाच्या पातेल्यात जातात. यंदा धाकटीने फोनवरच सांगून टाकलं होतं, "वहिनी, तंगड्या माझ्या."

"घे बाई. मला काय करायच्यात तंगड्या!" वहिनी म्हणाली होती. "पण चावायला दगडी जातं आण सोबत."

चावायला. नेमका तोच शब्द!

गेल्या सणाची गोष्ट. बाबांनी नवी कवळी बसवून महिना झाला होता. देव माणसाला दात देतो, ते पडले की पुन्हा देतो. तिसऱ्या खेपेचे माणूस आपले आपण करून घेतो आणि तेच नेमके बसत नाहीत. बाबांनी छातीचा तुकडा तोंडात घातला, दोनदा चावला, आणि तुकड्यासकट कवळी ताटात पडली. ठण्णकन. मग दादा हसला. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. आत्या तर खुर्चीतून घसरायची बाकी होती. बाबाही हसले. मग त्यांनी कवळी रुमालात गुंडाळली, "पोट भरलं माझं," म्हणाले आणि खोलीत गेले.

तेव्हापासून वर्षभर बाबा खोलीतच जेवतात. दार लावून. वहिनी ताट नेऊन देते, रिकामं परत आणते. दादा म्हणतो, "वय झालं, एकांत आवडतो त्यांना." एकांत! ज्या माणसाने आयुष्यभर चार माणसं जमवल्याशिवाय घास घेतला नाही, त्याला म्हणे एकांत आवडतो. दादाचं हे वाक्य आठवलं की धाकटीच्या डोक्यात तिडीक जायची. वर्षभर ती तशीच जात होती.

आणि म्हणून या तंगड्या. आठ तास मंद आचेवर राहिल्या की मांस आपण होऊन हाड सोडतं, दातांचं कामच उरत नाही. बाबांनी आज सगळ्यांसोबत टेबलाशी बसायचं. बस्स. यापलीकडे तिला काही नको होतं.

धाकटी पुस्तकं बांधायचं काम करते. पानं शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक शिकंज्यात आवळून ठेवायचं. मग हात लावायचा नाही. वाळलं का बघू म्हणून मधेच ज्याने शिकंजा सैल केला त्याचं पुस्तक जन्मभर वाकडं. त्यामुळे नाश्त्याला एकेक जण आला तसं तिने बजावलं. "झाकणाला हात लावायचा नाही. एकदा उघडलं की अर्ध्या तासाची ऊब गेली. आणि बटणाला तर अजिबात नाही."

बटणाचं मुद्दाम सांगायला कारण होतं. बाबा वायरमन. चाळीस वर्षं शहरभर तारा ओढल्या त्यांनी, आणि चालू राहिलेल्या इस्त्रीने जळालेली दोन घरं डोळ्यांनी पाहिली. त्यामुळे या घरात मुलांना चालायला यायच्या आधी बटण बंद करता यायचं. खोलीतून निघताना हात आपोआप भिंतीकडे जातो. दादाचा जातो, धाकटीचा जातो, लग्न होऊन आलेल्या वहिनीचाही आता जातो. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा ही मंडळी निघताना पंखे बंद करून येतात आणि यजमान घामाघूम होऊन बसतात.

"कळलं गं," दादा म्हणाला. "मंद भांडं आणि संतापी मालकीण. जोडी झकास जमलीय."

"दादा, मी हसत नाहीये."

"ते दिसतंय. कान बघ आरशात."

दहाला आत्याला आणायला बसथांब्यावर जायचं होतं. आत्या एकटी येते पण सामान तिघांचं आणते, तेव्हा तिघेही निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर वहिनीला चष्मा आठवला, ती मागे जाऊन घेऊन आली. बस उशिरा आली. परतायला साडेअकरा झाले.

आत्या घरात शिरली ती पिशव्या ठेवायच्या आधी स्वयंपाकघरात. "काय गं शिजतंय? वास कसा नाही?" आणि म्हणता म्हणता तिने झाकण उचललं.

"आत्या!" धाकटी ओरडली.

"अगं, ओरडतेस काय, चोर धरल्यासारखी! बघतेच आहे नुसती. आणि हे काय, वाफ कुठाय?"

वाफ नव्हती. काचेला आतून एक थेंब नव्हता. लाल दिवा विझलेला. धाकटीने भिंतीकडे पाहिलं. बटण बंद.

तिने भांड्याला हात लावला. गरम होतं अजून, पण शिजवणारं गरम नव्हे. झाकण आपटलं, बटण दाबलं, कळ मंदवरून जोरावर फिरवली. कान लाल होऊन गेलेच होते, मोजकं बोलणंही तिने वगळलं.

"वहिनी, चष्मा आणायला तूच आली होतीस ना परत?"

ओव्हनमध्ये छातीचं ताट सरकवत वहिनी वळली. "हो. मग?"

"मग काय! बटण बंद कुणी केलं?"

"मला काय माहीत? मी चष्मा घेतला न् निघाले. स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही."

"घरात दुसरं होतं कोण? भुतं? एक दिवस, वहिनी, एक दिवस तुझ्या टर्कीशिवाय दुसऱ्या कशाला कुणी छान म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं असतं?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "जीभ आवर. तुझ्या तंगड्यांवर जळायला मला वेळ कुठाय? तीनशे पासष्ट दिवस ताट कोण नेऊन देतं आत? तू येतेस सणाला, भांडं काखोटीला मारून, आणि आम्हाला शिकवतेस!"

"ताट नेऊन देतेस. सोबत बसतेस का कधी?"

"पुरे गं!" दादा मधे पडला. "एवढं काय झालं? तंगड्या उद्या खाऊ. दोनला जेवायचं म्हणजे दोनलाच. हिची टर्की दोनला तयार होते, थांबली तर वाळून फळी होईल."

"या चारशिवाय होत नाहीत. कुणी चारपर्यंत जेवायचं नाही."

"मी पहाटे एक बिस्किट खाऊन निघालेय हो," आत्या म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"चारपर्यंत? दोन तंगड्यांसाठी सगळं घर उपाशी?"

"तंगड्यांसाठी नाही!" धाकटीने ओट्यावर पळी आपटली. तिचा दांडा वाकला. "बाबांसाठी! वर्ष झालं तो माणूस एकटा जेवतोय, आणि तुम्हाला टर्की वाळेल याची काळजी! एकांत आवडतो म्हणे! हसलात तुम्ही त्यांना, दात विचकून हसलात, आणि..."

"बटण मी बंद केलं."

स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते. विजार, वर जुना स्वेटर, हातात रुमाल.

"तुम्ही सगळे गेलात. मी पाणी प्यायला आलो. घरात कुणी नाही आणि लाल दिवा चालू. बंद केला."

घरात दुसरं होतं कोण, असं धाकटीने विचारलं होतं ना? उत्तर भिंतीपलीकडे बसलं होतं. पण बंद दाराला घरातलं माणूस म्हणून मोजायची सवय वर्षभरात सगळ्यांचीच सुटली होती. तिचीसुद्धा. सकाळपासून तिने सगळ्यांना बजावलं, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्याला तेवढं सांगायचं राहिलं.

आता राग उतरायला हवा होता. उतरला नाही. उलट, वहिनीकडे निघालेला तो जागीच गरकन फिरला आणि बाबांवर गेला.

"बाबा, ते तुमच्यासाठी होतं!"

"मला कुणी सांगितलं?"

"सांगणार कसं? दार उघडं असतं कधी? वर्षभर ते दार लावून बसलायत तुम्ही! रागावायचं होतं तर रागावायचं आमच्यावर! ओरडायचं, ताट फेकायचं! हे काय, रुमाल गुंडाळून निघून जायचं?" तिचा आवाज फाटला. "मी पण हसले होते. सगळ्यात मोठ्यांदा मीच हसले होते, बाबा."

हे बाहेर आलं आणि तिला स्वतःलाच ऐकू आलं. दादावरची तिडीक, वहिनीवरची चीड, सगळी कुठून वाहत होती त्याचं तोंड सापडलं. माणसाला दुसऱ्याचा अपराध लख्ख दिसावा म्हणून स्वतःचा दिवा विझवून ठेवावा लागतो. तिने तो वर्षभर विझवून ठेवला होता.

बाबांनी कुकरच्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"मीही हसलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा खरंच आलं होतं हसू. खोलीत गेल्यावर मात्र येईना." मग आवाज चढवून, गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच चढवून, "आणि काय गं, मला विचारलं का एकाने तरी, की बाबा, बाहेर या? ताट येतं. ताटावर झाकण येतं. माणूस येत नाही. मला वाटलं, बरं झालं यांना, घाण टळली टेबलावरची."

वहिनीने डोळे पुसले. "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटते. म्हणून मी पटकन ठेवून निघायची."

"वाटतेच लाज! म्हणून काय एकटं जेवायचं?"

दादा खाली बघत होता. त्याने दोनचा आग्रह पुन्हा धरला नाही.

बाबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बटणाखाली ठेवलं आणि त्यावर बसले. "किती वेळ?"

"जोरावर ठेवलंय. चार."

"बसतो. कोण बंद करतं बघू."

आणि ते बसले. आत्या त्यांच्यासमोर बसून बिस्किटं खाऊ लागली आणि बसमधल्या बाईचं भांडण सांगू लागली. एकला दादाने सवयीने ओट्यावरचा दिवा बंद करायला हात नेला, तर बाबा असे खेकसले की त्याने दोन्ही हात खिशात घातले. दोनला वहिनीची टर्की बाहेर आली. तिने ती झाकली, वर जाड टॉवेल टाकला. तीनला टॉवेल काढून बोटाने दाबून पाहिली.

"वाळतेय," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "तुझ्या भांड्यातला दोन पळ्या रस मिळाला असता तर..."

"झाकणाला हात लावायचा नाही," धाकटी म्हणाली.

"बरं."

पाच मिनिटं गेली. धाकटीने वाकलेली पळी उचलली, झाकण उचललं, दोन पळ्या रस काढला आणि वहिनीच्या टर्कीवर ओतला. झाकण परत ठेवलं.

"आता साडेचार," ती म्हणाली.

"माझ्याच नशिबी!" आत्या म्हणाली. बिस्किटं संपली होती.

साडेचारला झाकण उघडलं. वाफेने बाबांचा चष्मा भरला. धाकटीने चिमट्याने तंगडी धरली तर चिमट्यात नुसतं हाड आलं. मांस खाली रसात बसून राहिलं. टेबल बाहेरच्या खोलीत मांडलेलं होतं, पण बाबा स्टुलावरून हलायला तयार दिसेनात. मग दादाने ताटं आत आणली. वहिनी ओट्याला टेकली, आत्या तांदळाच्या डब्यावर बसली, आणि सणाचं जेवण उभ्याउभ्याने सुरू झालं.

बाबांनी ताट मांडीवर घेतलं. थांबले. मग सगळ्यांच्या देखत कवळी काढली, रुमालात गुंडाळली, गुडघ्यावर ठेवली आणि पहिला घास घेतला. नुसत्या हिरड्यांनी. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला निघाली. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या ताटात इतके रोखून बघत होते जणू तिथे काही लिहिलं आहे.

"मेलं ओझं," आत्या म्हणाली, आणि तिने स्वतःची कवळी काढून ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. बारा वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

बाबांनी त्या कवळीकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. आणि त्यांना जे हसू फुटलं ते घास सांभाळून आवरेना. मग इतरांनाही परवानगी मिळाली.

धाकटी मात्र हसली नाही. गेल्या वर्षीचं हसू अजून तिच्या घशात होतं. तिने दुसऱ्या तंगडीचं सगळ्यात मऊ मांस काढलं, वर कांदा घातला आणि वहिनीच्या ताटात वाढलं. "मघाशी बोलले ते..." पुढचं काही तिला जमेना.

वहिनीने घास घेतला, सावकाश चघळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

धाकटीचे कान लाल झाले. तिने बरणी उचलली, आधी आत्याची कवळी नीट बाजूला सरकवली, आणि बरणी वहिनीपुढे ठेवली.

"घाल मग," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी सकाळी सहाला उठ, दोघी मिळून घालू."

जेवण झालं तसे बाबा उठले. उठता उठता त्यांचा हात वर गेला आणि बटण बंद झालं.