लाल लुगड्यावरची सावली

विश्रामबागेतले उदयसिंह घोरपडे म्हणजे चित्रकार कमी आणि पंचनामा करणारे हवालदार जास्त, असं त्यांची बायको म्हणायची. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते विमानं आणि कृष्णाकाठ रंगवू लागले. पण विमान उडवणाऱ्याला विचारल्याशिवाय एक रेघ ओढायचे नाहीत. न घडलेलं काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

कराडजवळच्या एका गावाने त्यांना शाळेसाठी ऋषिराजच्या विमानाचं चित्र सांगितलं. ऋषिराज त्या गावचा वैमानिक, हिमालयात विमान पडून गेलेला. चित्र बघायला त्याची आई अंबूबाई एसटीने आल्या. विमान हुबेहूब उतरलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"इमान नगं मला, दादा. त्यानंच न्हेलं माझं लेकरू."

उदयसिंहांनी चित्रावर कापड टाकलं आणि चहा मागवला. चहा झाल्यावर अंबूबाईंनीच सांगितलं. एकदा ऋषिराज गावावरून उडणार होता. "आये, सलॅबवर लाल लुगडं हातर, म्हंजे घर वळखंल," असा फोन आला. आता ही बातमी पोटात ठेवतील त्या अंबूबाई कसल्या. सगळ्या गावाने मायेपोटी आपापल्या घरावर लाल लुगडी टाकली. संध्याकाळी पोराचा फोन, "समदा गाव लाल! आपलं घर कंचं, कळलंच न्हाई." मायलेकरं पोट धरून हसली. पुढच्याच महिन्यात तो गेला.

"इमान आलं तवा माझं डोळं पान्यानं भरल्यालं, मला बी काय दिसलं न्हाई. आमच्या घरावरनं गेला आसंल का वो?"

उदयसिंह गावात जाऊन आले. जो तो छातीठोकपणे म्हणे, आमच्याच घरावरून गेलं. ज्याला विचारायचं, तोच नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी नवं चित्र काढलं, आभाळातून दिसणारं. खाली कृष्णा, ऊस, लाल लाल घरं. विमान कुठेच नाही. फक्त त्याची सावली, लिंबाशेजारच्या एका घरावर, पसरलेल्या लुगड्यावर पडलेली.

अंबूबाईंनी चष्मा लावला. आपल्या दारातला लिंब सापडला, तसं बोट सावलीवर थांबलं.

"तुमी इचारल्याबिगर रेघ वडत न्हाई म्हनं. ह्ये कुनाला इचारलं?"

उदयसिंहांनी मान खाली घातली. "त्यालाच."

अंबूबाईंनी सावलीवरून हलकेच बोट फिरवलं.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या.